मॅग फ्लोमीटरसाठी द्रवाची कंडक्टिव्हिटी मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅग फ्लोमीटर म्हणजे पाइपमधल्या द्रवाचा प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मोजणारं उपकरण, आणि कंडक्टिव्हिटी म्हणजे द्रवाची वीज वाहून नेण्याची क्षमता. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, डेअऱ्या, पाणीपुरवठा योजना, वीज केंद्रं आणि केमिकल प्लांट इथल्या इन्स्ट्रुमेंट विभागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक वाद एकाच जागी अडतात. लॅबच्या रिपोर्टमधला आकडा आणि पाइपमधल्या द्रवाचा आकडा एकच आहे असं सगळे धरून चालतात, आणि तो तसा क्वचितच असतो. घाईत असाल तर प्रश्न ९ आणि १० आधी वाचा. एककाचं पूर्ण नाव "मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर" असं आहे. पुढे सोयीसाठी नुसतं "मायक्रोसिमेन्स" लिहिलं आहे.

१. मॅग फ्लोमीटरला द्रव वाहक असावा लागतो, तो का? मीटर तर वेग मोजतो ना?

वेगच मोजतो. चुंबकीय क्षेत्रातून वाहक हलला की त्यात व्होल्टेज निर्माण होतं, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध. इथे हलणारा वाहक म्हणजे पाइपमधला द्रव. क्षेत्राची तीव्रता, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर आणि द्रवाचा वेग यांच्या गुणाकारावर ते व्होल्टेज ठरतं. या सूत्रात कंडक्टिव्हिटी कुठेच येत नाही.

ती येते ते व्होल्टेज बाहेर काढताना. द्रव म्हणजे एक बॅटरी धरली, तर कंडक्टिव्हिटी तिचा अंतर्गत रोध ठरवते. १ सेंटिमीटर व्यासाचे इलेक्ट्रोड आणि ५ मायक्रोसिमेन्सचं पाणी असेल, तर इलेक्ट्रोडमधला रोध सुमारे २ लाख ओहम भरतो. १ मायक्रोसिमेन्सला तोच १० लाख ओहम होतो. रोध वाढला की सिग्नल केबलमध्ये आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये झिजायला लागतो आणि बाहेरचा नॉइज सहज आत शिरतो. हा रोध इलेक्ट्रोडच्या आकारावर ठरतो, पाइपच्या नाही. त्यामुळे "पाइप मोठा घेतला तर कमी कंडक्टिव्हिटी चालेल का" याचं उत्तर नाही असंच आहे.

फॅरडेने स्वतः १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत इलेक्ट्रोड सोडून हे करून पाहिलं होतं. जमलं नाही. त्याला जे नडलं, ते इलेक्ट्रोडवरचं ध्रुवीकरण आजही आपल्याला नडतं (प्रश्न ६).

२. कमीत कमी किती कंडक्टिव्हिटी हवी?

सर्वसाधारण मीटरला ५ मायक्रोसिमेन्स. डीएम (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यासाठी बऱ्याच कंपन्या वेगळी, जास्त अट घालतात, बहुतेकदा २०. ती ओळ डेटाशीटमध्ये बारीक अक्षरात असते आणि खरेदी विभागाच्या नजरेतून हमखास सुटते. काही मॉडेल १ मायक्रोसिमेन्सपर्यंत चालतात. ज्यांचे इलेक्ट्रोड लायनरच्या (आतल्या अस्तराच्या) मागे असतात आणि द्रवाला शिवत नाहीत, असे कपॅसिटिव्ह प्रकारचे मीटर ०.०५ पर्यंतही जातात, पण त्यांची किंमत आणि नखरे दोन्ही वेगळे.

माझं मत विचाराल तर किमान मर्यादेच्या निदान दुप्पट मिळत नसेल, तर त्या जागी मॅग मीटर बसवू नका. मर्यादेवर चालणारा मीटर कमिशनिंगच्या दिवशी चालतो आणि नंतर वर्षभर फोन येत राहतात.

३. एका कागदावर ०.५ आहे, दुसऱ्यावर ५. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. ०.५ मिलिसिमेन्स प्रति मीटर म्हणजेच ५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. पाण्याच्या तपासणी अहवालांत "प्रति मीटर" आणि फ्लोमीटरच्या डेटाशीटमध्ये "प्रति सेंटिमीटर" असा घोळ नेहमी होतो. त्या जोडीत फरक १० पटीचा आहे. मिली आणि मायक्रोची गल्लत झाली तर १००० पटीचा. चौकशीपत्रात एकक अक्षरी लिहा, खुणेने नको.

४. नेहमीच्या द्रवांची कंडक्टिव्हिटी साधारण किती असते?

समुद्राचं पाणी सुमारे ५०,००० मायक्रोसिमेन्स. गाईचं दूध ४,००० ते ५,५०० च्या आसपास. नळाचं आणि विहिरीचं पाणी काही शेकडा. खारपाण पट्ट्यातल्या बोअरला काही हजार. या सगळ्यांत मॅग मीटरला काही अडचण नाही, मोजत बसायचीही गरज नाही.

मोजायची वेळ येते ती खालच्या टोकाला. आरओचं (रिव्हर्स ऑस्मोसिसचं) परमिएट, म्हणजे पडद्यातून पार झालेलं पाणी, साधारण ५ ते ५० मध्ये कुठेही असतं. मिक्स्ड बेडमधून (उरलेसुरले क्षार काढणाऱ्या रेझिनमधून) बाहेर पडलेलं पाणी १ च्या खाली. अगदी शुद्ध पाण्याची तळरेषा २५ अंश सेल्सिअसला ०.०५५ आहे, त्याखाली पाणी जाऊच शकत नाही. डिझेल, फर्नेस ऑइल, खाद्यतेल, टोल्युईन वगैरे यादीत धरूच नका.

५. कंडक्टिव्हिटी दुप्पट झाली तर फ्लो रीडिंग बदलेल का?

नाही. मर्यादेच्या वर असाल तर ५०० चे ५,००० झाले तरी रीडिंग तेच. म्हणूनच पाण्यावर कॅलिब्रेट केलेला मीटर दुधाला आणि कॉस्टिकला तसाच वापरता येतो. बदल अचानक झाला किंवा पाइपच्या आडव्या छेदात एकसारखा नसला तर मात्र गोष्ट वेगळी (प्रश्न १६).

६. मल्टिमीटरने दोन तारा बुडवून रोध मोजला तर काम होईल ना?

होणार नाही. मल्टिमीटर डीसी करंट सोडतो. द्रवात डीसी गेला की इलेक्ट्रोडपाशी आयन साचतात, उलटं व्होल्टेज तयार होतं आणि आकडा बघता बघता वर सरकत जातो. तुम्ही कुठल्या क्षणी वाचलात त्यावर उत्तर अवलंबून राहतं. शिवाय तारांचं अंतर आणि बुडालेली लांबी माहीत नसेल, तर ओहमवरून कंडक्टिव्हिटी काढायची कशी? कंडक्टिव्हिटी मीटर एसी वापरतो आणि त्याच्या सेलचा आकार ठरलेला असतो. मल्टिमीटरचा उपयोग एवढाच: पाइप रिकामा असताना इलेक्ट्रोड ते बॉडी इन्सुलेशन ठीक आहे का, हे बघणं.

७. कोणता प्रोब घ्यावा?

सेल कॉन्स्टंट बघा, म्हणजे प्रोबच्या इलेक्ट्रोडमधलं अंतर भागिले त्यांचं क्षेत्रफळ. आपल्याला ज्या भागात शंका असते, म्हणजे ०.१ ते १०० मायक्रोसिमेन्स, तिथे ०.१ किंवा ०.०१ चा सेल हवा. लॅबमध्ये टेबलावर पडलेला प्रोब बहुधा १ चा असतो. तो नळाच्या पाण्याला उत्तम, पण ३ आणि ६ मधला फरक सांगण्याच्या कामाचा नाही. हजारोंच्या घरात ४ इलेक्ट्रोडचा किंवा १० कॉन्स्टंटचा सेल. सीआयपी (यंत्रणा न उघडता आतून धुण्याच्या) लाइनवर दिसणारा टोरॉइडल (कॉइलने मोजणारा) प्रोब कॉस्टिक आणि ॲसिडसाठी छान, शुद्ध पाण्याला आंधळा.

८. कंडक्टिव्हिटी मीटर कॅलिब्रेट कशाने करायचा?

पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाने. वाळवलेलं ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड चांगल्या डीएम पाण्यात विरघळवून १ लिटर केलं, की २५ अंशांना १४१३ मायक्रोसिमेन्स मिळतात. मीटरने १३५० दाखवले तर सेल कॉन्स्टंट १४१३ भागिले १३५० ने, म्हणजे १.०४७ ने गुणा. बाजारात ८४ चं द्रावणही मिळतं आणि आपल्या कामाला तेच जास्त जवळचं. बाटली उघडून ठेवू नका, वापरलेलं द्रावण परत ओतू नका. १४१३ ला एखादा थेंब मिसळला तर कळत नाही, ८४ ला कळतं.

९. सॅम्पल बाटलीत भरून लॅबला पाठवलं, रिपोर्ट ८ आला. मीटर बसवला तर चालत नाही. असं कसं?

कारण ८ हा आकडा बाटलीतल्या पाण्याचा होता. कमी कंडक्टिव्हिटीचं पाणी अत्यंत हावरट असतं, मिळेल ते विरघळवून घेतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनच अतिशुद्ध पाणी ०.०५५ वरून १ च्या आसपास येतं. पण खरा घात बाटली आणि हात करतात. लिटरभर पाण्यात फक्त २ मिलिग्रॅम मीठ मिसळलं तरी कंडक्टिव्हिटी ४ मायक्रोसिमेन्सने वाढते. घामेजलं बोट बाटलीच्या तोंडाला लागलं, आधी तीत नळाचं पाणी होतं, झाकण जमिनीवर ठेवलं, एवढं पुरेसं आहे. ४ चे ८ होतात, आणि मीटर कंपनीवर खापर फुटतं.

उलटही होतं. कंडेन्सेटमध्ये (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्यात) अमोनिया असेल तर गरम सॅम्पल उघड्या बीकरमध्ये ठेवल्यावर अमोनिया उडून जातो आणि आकडा खाली येतो.

मार्ग एकच: १० ते २० मायक्रोसिमेन्सच्या खालचं काही असेल, तर वाहत्या पाण्यात मोजा. सॅम्पल लाइनवर छोटा फ्लो सेल लावा, प्रोब त्यात ठेवा, काही मिनिटं पाणी वाहू द्या, आकडा स्थिर झाल्यावर वाचा. बुडबुडे प्रोबला चिकटलेले नाहीत ना ते पाहा. फ्लो सेल नसेल तर सॅम्पल नळी बीकरच्या तळापर्यंत घाला, पाणी वरून सांडत राहू द्या आणि सांडत असतानाच वाचा. बाटली पाठवायचीच असेल, तर प्लास्टिकची, त्याच पाण्याने तीन वेळा खंगाळलेली, काठोकाठ भरलेली. आणि रिपोर्टवर विश्वास अर्धाच.

१०. कंडक्टिव्हिटी मीटरवर तापमान कॉम्पेन्सेशन चालू ठेवायचं की बंद?

फ्लोमीटरच्या निवडीसाठी बंद. या पानावरचं सगळ्यात जास्त वेळा चुकणारं उत्तर हेच आहे.

पाण्यातल्या आयनांची कंडक्टिव्हिटी दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी बदलते. (अगदी शुद्ध पाण्यात याहून बरीच जास्त, तीव्र ॲसिडमध्ये कमी.) दोन सॅम्पलची तुलना व्हावी म्हणून लॅबचा मीटर कोणत्याही तापमानाचं रीडिंग "२५ अंशांना किती असतं" असं बदलून दाखवतो. लॅबच्या कामाला ते योग्यच. पण फ्लोमीटरचे इलेक्ट्रोड २५ अंशांच्या काल्पनिक पाण्यात बसलेले नाहीत. त्यांना भेटतो तो त्या क्षणी, त्या तापमानाचा द्रव.

एक कंडेन्सेट घ्या. लॅब म्हणते ४ मायक्रोसिमेन्स, म्हणजे मीटर चालणार नाही. पण लाइन ९० अंशांची आहे. २५ च्या वर ६५ अंश, प्रत्येकी २ टक्के, म्हणजे १३० टक्के वाढ. प्रत्यक्षात पाइपमध्ये ९ च्या आसपास. मीटर चालतो. मग शटडाउननंतर प्लांट थंड स्थितीतून सुरू होतो, लाइनमध्ये ३० अंशांचं पाणी असतं, आणि पहिला काही वेळ रीडिंग नाचतं किंवा शून्य दाखवतं. ऑपरेटर तक्रार लिहितो, इन्स्ट्रुमेंटचा माणूस येईपर्यंत लाइन गरम होते, मीटर ठणठणीत. अशा "आपोआप बऱ्या होणाऱ्या" मीटरचे ट्रान्समीटर (सिग्नलवरून रीडिंग काढणारा इलेक्ट्रॉनिक भाग) विनाकारण बदलले जातात.

आता थंडाव्याचं टोक. चिल्ड वॉटरच्या बंद सर्किटमध्ये आरओचं पाणी भरलंय, रिपोर्ट ६. लाइन ७ अंशांची. १८ अंश खाली, ३६ टक्के घट, पाइपमध्ये ३.८. कागदावर पास, पाइपमध्ये नापास.

म्हणून नोंद करताना तीन गोष्टी लिहा: आकडा, मोजतानाचं तापमान, कॉम्पेन्सेशन चालू होतं की बंद. आणि निवड करताना प्लांट ज्या सर्वांत थंड स्थितीत चालू होतो, ती धरा.

११. टीडीएस पेन चालेल का? आमच्याकडे तेच आहे.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले घन पदार्थ) दाखवणारा पेन आतून कंडक्टिव्हिटीच मोजतो आणि ०.५ ते ०.७ मधल्या कुठल्यातरी गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. बोअरच्या पाण्यासाठी उलटा हिशोब करून चालेल. पण पेनवर ३ पीपीएम दिसले, तर गुणक ०.५ असल्यास ६ मायक्रोसिमेन्स, ०.७ असल्यास ४.३. आपली ५ ची रेघ नेमकी या दोघांच्या मधून जाते. त्यातून पेनची पायरीच १ पीपीएमची.

दुसरी चूक याच्या उलट: "ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे टक्के) ६० आहे म्हणजे विरघळलेलं भरपूर आहे, मीटर चालणारच." साखर आयन देत नाही. कंडक्टिव्हिटी येते ती रसातल्या क्षारांमुळे.

१२. साखर कारखान्यात नेमकं कुठे चालतो आणि कुठे नाही?

कच्चा रस, क्लिअर ज्यूस: निश्चिंत राहा, काही हजार मायक्रोसिमेन्स. सिरपलाही चालतो. मोलॅसिस, म्हणजे मळी, यात क्षार खच्चून असतात, पण ती इतकी घट्ट असते की आयनांना हलता येत नाही. तरीही मॅग मीटरपुरती कंडक्टिव्हिटी उरते. तिथली खरी डोकेदुखी चिकटपणा आणि त्यात अडकलेली हवा.

इम्बिबिशनचं (रस काढताना चोथ्यावर सोडायचं) पाणी आणि बॉयलरकडे जाणारं कंडेन्सेट इथे विचार करा. इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीचं कंडेन्सेट एक्झॉस्ट स्टीमचं असतं, स्वच्छ. तिथे मॅग मीटर बसवण्याआधी प्रश्न ९ प्रमाणे मोजाच. पुढच्या बॉड्यांचं कंडेन्सेट रसाच्या वाफेचं असतं, त्यात अमोनिया आणि उडून आलेले इतर पदार्थ असतात, त्यामुळे त्याची कंडक्टिव्हिटी सहसा पुरेशी भरते. यात एक मेख आहे. सीझनमध्ये रसाच्या प्रतीनुसार आणि कॅरीओव्हरनुसार (वाफेबरोबर वाहून येणाऱ्या रसानुसार) हा आकडा खाली-वर होत राहतो, म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर निवड करू नका. आणि कंडक्टिव्हिटी वाढली नाही म्हणून कंडेन्सेटमध्ये साखर नाही असंही समजू नका. त्यासाठी अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट आहेच.

कारखान्याच्या लॅबमध्ये कंडक्टिव्हिटी मीटर असतो, तो साखरेतली राख काढायला. तिथले आकडे साखर ठरलेल्या प्रमाणात विरघळवून, २० अंशांना आणून घेतलेले असतात. फ्लोमीटरसाठी ते निरुपयोगी. मीटर मात्र उसना घ्यायला हरकत नाही, सेल कॉन्स्टंट पाहून.

रिफाइंड साखर आरओच्या पाण्यात विरघळवून केलेला स्वच्छ पाक हा वेगळा प्राणी आहे. क्षार जवळपास नाहीत, वर घट्टपणा. बाटलीबंद पेयांच्या प्लांटमध्ये हा फसवतो.

१३. डिस्टिलरीत?

फर्मेंटेड वॉश (आंबवलेला द्राव) आणि स्पेंट वॉश (अल्कोहोल काढून उरलेला द्राव) खुशाल मोजा. रेक्टिफाइड स्पिरिट, ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) आणि ॲब्सोल्यूट अल्कोहोल मॅग मीटरने मोजता येत नाही, तिथे कोरिऑलिस (वस्तुमानावर प्रवाह मोजणारा) मीटर. मधली शंका असते ती पाणी मिसळून खाली आणलेल्या स्पिरिटची. इथे अल्कोहोलचे टक्के किती, यापेक्षा मिसळलेलं पाणी कोणतं हे महत्त्वाचं. नळाच्या पाण्याने ब्लेंड केलं तर कंडक्टिव्हिटी मिळते, डीएम पाण्याने केलं तर नाही. बाटलीबंद मद्याच्या प्लांटमध्ये पाणी बहुधा डीएमच असतं.

१४. ॲसिड म्हणजे वाहक, बरोबर? मग मोजायचं कशाला?

ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमुळे. व्हिनेगर म्हणजे ४-५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड. त्याची कंडक्टिव्हिटी हजार मायक्रोसिमेन्सच्या वर. पाणी काढत काढत ९९ टक्क्यांच्या पुढे गेलात, की आयन तयार व्हायला पाणीच उरत नाही आणि आकडा एका मायक्रोसिमेन्सच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. तोच पदार्थ, तेच नाव, एका टाकीवर मीटर चालतो आणि शेजारच्या टाकीवर नाही.

सल्फ्युरिकचा स्वभाव निराळा. ३० टक्क्यांच्या आसपास कंडक्टिव्हिटी सर्वांत जास्त, मग उतरते, ८५ च्या जवळ खाली येऊन पुन्हा थोडी चढते. ९८ टक्क्यांच्या ॲसिडलाही मॅग मीटरपुरती भरपूर असते. पण एकाच कंडक्टिव्हिटीला दोन-तीन वेगवेगळी तीव्रता बसते, म्हणून कंडक्टिव्हिटीवरून ॲसिडची टक्केवारी सांगायला जाऊ नका. ग्लायकोलसाठी: शुद्ध एथिलिन ग्लायकोल १ च्या आसपास, गंजरोधक घातलेलं पाणी-ग्लायकोल मिश्रण सहज चालतं.

१५. वीज केंद्राच्या फीड वॉटरला अमोनिया घातलेला असतो. मग तर कंडक्टिव्हिटी मिळते ना?

कागदावर, काठावर. अमोनियाने पीएच ९ ठेवलेल्या शुद्ध पाण्याची कंडक्टिव्हिटी २५ अंशांना साधारण २.७ येते, ९.३ ला साधारण ५.४. तापमानामुळे पाइपमध्ये आणखी वाढते. पण डोसिंग पंप बंद पडला की ती झपाट्याने घसरते, आणि तुमचा फ्लो नेमका गडबडीच्या वेळी गायब होतो. चंद्रपूर-कोराडीसारख्या मोठ्या केंद्रांत फीड वॉटरला (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याला) ऑरिफिस किंवा फ्लो नोझल (दाबातल्या फरकावरून प्रवाह मोजणारा) असतो, त्याला दाब-तापमानाची कारणं आहेतच, पण हेही एक कारण धरा. आणि फोनवर दर काही महिन्यांनी येणारी सूचना, "थोडं मीठ घातलं तर?" बॉयलरच्या पाण्यात नको. कुठल्याच पाण्यात नको, खरं तर.

१६. मीटरच्या अलीकडे केमिकल डोसिंग आहे आणि रीडिंग नाचतं. कंडक्टिव्हिटी तर ६०० आहे!

सरासरी ६०० आहे. डोसिंग पंपाच्या प्रत्येक फटक्याला तुरटीच्या किंवा हायपोच्या (हायपोक्लोराइटच्या) द्रावणाचा एक गोळा जातो, त्याची कंडक्टिव्हिटी पाण्याच्या कितीतरी पट. तो नीट मिसळायच्या आत इलेक्ट्रोडसमोरून गेला, की इलेक्ट्रोडचं विद्युत-रासायनिक संतुलन बिघडतं आणि रीडिंगला झटका बसतो. डोसिंग पॉइंट मीटरच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेने खाली हलवा. जागा नसेल तर मधे स्टॅटिक मिक्सर किंवा भरपूर लांबी. डॅम्पिंग (रीडिंग संथ करण्याची सेटिंग) वाढवून झटके लपतात, जात नाहीत. जलशुद्धीकरण केंद्रांत ही तक्रार इतकी सारखी येते की पहिला प्रश्न मी हाच विचारतो: क्लोरीन कुठे टोचलाय?

डेअरीत याचंच छोटं रूप दिसतं. दूध, पाणी, कॉस्टिक, पाणी असं बदलताना काही सेकंद रीडिंग उडतं. ते चालू द्या. शेवटचं रिन्स आरओच्या पाण्याने असेल आणि तेवढाच वेळ मीटर बिघडत असेल, तर कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१७. ट्रान्समीटर लांब बसवायचा आहे. केबल किती चालेल?

कंडक्टिव्हिटीवर अवलंबून आहे, म्हणून डेटाशीटमध्ये आलेख दिलेला असतो. हिशोब असा: शील्डेड केबलची कपॅसिटन्स दर मीटर लांबीला साधारण १०० पिकोफॅरड. ५० मीटरला ५ नॅनोफॅरड. ५ मायक्रोसिमेन्सला रोध २ लाख ओहम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (सिग्नल स्थिरावायच्या वेळेचं माप) १ मिलिसेकंद. १ मायक्रोसिमेन्सला ५ मिलिसेकंद. २५ हर्ट्झवर चालणाऱ्या मीटरच्या अर्ध्या फेरीला २० मिलिसेकंद मिळतात, त्यात सिग्नल स्थिर व्हायला हवा. ओढाताण इथे सुरू होते. क्षेत्राची वारंवारता कमी करून थोडी उसंत मिळते, ड्रिव्हन शील्डची (शील्डला सिग्नलइतकंच व्होल्टेज दिलेली) केबल असेल तर बरीच. पण कमी कंडक्टिव्हिटीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ट्रान्समीटर सेन्सरवरच बसवणं. केबल सैल लटकत ठेवू नका. ती हलली तरी नॉइज येतो.

१८. पाइप भरलेला आहे, तरी "एम्प्टी पाइप" अलार्म येतो.

एम्प्टी पाइप तपासणी इलेक्ट्रोडमधला रोध बघते. डीएमसारखं पाणी तिला हवेसारखं वाटू शकतं. फॅक्टरीत ही मर्यादा नळाच्या पाण्यावर लावलेली असते. साइटवर प्रत्यक्ष द्रवाने पाइप भरून "फुल" आणि रिकामा करून "एम्प्टी" असं दोन्ही ॲडजस्टमेंट पुन्हा करा, आणि जमलं तर थंड द्रवाने (प्रश्न १०). उलट तक्रारही असते: पाइप रिकामा आहे पण अलार्म नाही. तेव्हा लायनरवर ओला, वाहक थर राहिलेला असतो.

१९. आमचा मीटर स्वतःच कंडक्टिव्हिटी दाखवतो. वेगळा मोजायची गरज काय?

तो आकडा कल दाखवायला चांगला. काल ४०० होता, आज ९० झाला, म्हणजे काहीतरी बदललं, इतपत. पण तो इलेक्ट्रोडच्या रोधावरून काढलेला असतो, आणि इलेक्ट्रोडवर थर बसला की आकडा बिघडतो. मूळ निवडीसाठी किंवा कंपनीशी वाद घालण्यासाठी तो पुरावा म्हणून वापरू नका. बाकी, मीटर विकत घ्यायच्या आधी तो तुमच्याकडे नसतोच.

२०. इलेक्ट्रोडवर थर बसल्याने कंडक्टिव्हिटीचा प्रश्न येतो का?

थर कोणता त्यावर आहे. ग्रीस, तेल, दुधाचा साका असा रोधक थर असेल, तर मीटरला द्रव अवाहक झाल्यासारखा भासतो: नॉइज, मग शून्य. गरम पाण्याच्या बंद सर्किटमध्ये बसणारा काळा मॅग्नेटाइट वाहक असतो. तो लायनरवर पसरला की दोन इलेक्ट्रोड आतून जोडले जातात आणि रीडिंग गुपचूप कमी येऊ लागतं. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण अलार्म येत नाही. थराची कंडक्टिव्हिटी द्रवाइतकीच असेल तर फक्त आतला व्यास कमी झाल्याची चूक राहते.

२१. स्लरी, लगदा, बुडबुडे यांत कंडक्टिव्हिटी कशी धरायची?

घन कण अवाहक असतील तर मिश्रणाची कंडक्टिव्हिटी मूळ द्रवापेक्षा कमी. आकारमानाने २० टक्के कण असतील तर साधारण ७३ टक्के उरते, ४० टक्के असतील तर निम्मी. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) गाळाला याने काही फरक पडत नाही, कारण मूळ पाणीच हजारात असतं. मीटर मात्र कण आणि हवा धरून एकूण आकारमान मोजतो, हे बिलिंगच्या वेळी लक्षात ठेवा. सॅम्पल मोजताना कण खाली बसू देऊ नका. ढवळत मोजा, नाहीतर तुम्ही वरच्या पाण्याचा आकडा घेऊन याल.

२२. कंडक्टिव्हिटी नीट मोजली, ३०० आहे, केबल छोटी, डोसिंग नाही. तरी रीडिंग नाचतं.

मग कंडक्टिव्हिटीचा पिच्छा सोडा. एचडीपीई, पीव्हीसी किंवा रबर लाइन केलेल्या पाइपवर अर्थिंग रिंग (द्रवाला अर्थशी जोडणाऱ्या धातूच्या कड्या) आहेत का ते आधी पाहा. द्रवाला संदर्भ विभव मिळाला नाही तर ३०० काय, ३०,००० असले तरी रीडिंग नाचणार. त्यानंतर कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज टाळायला पाइपला दिलेला करंट), जवळून गेलेली व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल, पंपाच्या सक्शनमधून येणारी हवा, आणि मीटर पाइपच्या सगळ्यात उंच जागी बसवलेला आहे का. वेल्डिंगचं अर्थ त्याच पाइपला लावून कोणी काम करत नाहीये ना, हेही एकदा बाहेर जाऊन बघून या.